तिकीट क्रमांक ४४७१

नीलाक्षी गुरवने ते उघडलं एका मंगळवारी,
संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी,
खराडीहून कंपनीच्या बसा सुटायच्या वेळेला.
तीव्रता: मध्यम.
वर्णन: घरमालक कामवालीला तारे देऊ शकतात.
तिला ते दिसत नाहीत.
तिला उत्तर द्यायचं झालं
तर कुठे दाबायचं?

मी हसलो होतो.
वाईट नाही, दमून हसलो होतो.
बावीस दिवसांवर रिलीज,
क्लायंटचे दिवसातून तीन फोन,
दोघं जण नोटीस पीरियडवर,
आणि हिला पडलंय, बाईने कुठे दाबायचं.
"बाई आपली युजर नाहीये," मी म्हणालो,
"युजर म्हणजे जो पैसे भरतो तो."
"मग हे सगळं चाललंय कुणावर?"
एवढं विचारून ती डबा धुवायला गेली.

मी तिकीट बंद केलं.
कारण: कक्षेबाहेर.
चांगला शब्द आहे.
कक्षेबाहेर गेलेली वस्तू
खाली पडल्याचा आवाज येत नाही.

आमच्या पुण्यात पूर्वी
डोकं फिरलं की माणूस दारावर पाटी लावायचा.
तिरकी, खोचक, पण ठळक अक्षरात.
येणाऱ्याला वाचता यायची,
वाचून दोन शब्द सुनावताही यायचे.
आम्ही ती पाटी काढून आत नेली.
आता ती एकशे चाळीस सोसायट्यांना दिसते,
जिच्याबद्दल आहे
तिला सोडून.

काल सकाळी, माझ्याच गेटवर,
इंदुमती अडागळे.
(नाव मला वॉचमनच्या फोनवरून कळलं.
पाच वर्षं आम्ही एकाच लिफ्टपाशी उभे असतो,
ती सर्व्हिस लिफ्टच्या बाजूला.)
फोन लाल झालेला.
"सिस्टीम नको म्हणतीये, मावशी."
"कोण सिस्टीम?" तिने विचारलं,
दुसऱ्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आल्यासारखं.

वारज्याची बस दोनदा बंद पडली,
म्हणून दोन दिवस उशीर,
म्हणून कुणीतरी एक तारा,
म्हणून सरासरी एक पूर्णांक नऊ.
दोनच्या खाली लाल, ही अट
मीच घातली होती एका मीटिंगमध्ये,
चहा निवायच्या आत.
तीन सोसायट्या, सात घरं.
सातही दारं एकाच सकाळी,
आणि एकही आपटल्याचं ऐकू आलं नाही.

वर जाऊन लॅपटॉप उघडला.
तिकीट पुन्हा खुलं केलं.
आमच्याकडे आधी गोष्ट लिहावी लागते, ठरलेल्या साच्यात:
एक अमुक म्हणून
मला तमुक हवं आहे,
जेणेकरून…
'अमुक'च्या जागी तिचं काम लिहिलं.
'तमुक'पाशी कर्सर लुकलुकत राहिला.
चौदा वर्षं मी दुसऱ्यांच्या वतीने
ही वाक्यं पुरी करतोय,
पगार त्याचाच घेतोय.
नीलाक्षीला फोन लावावासा वाटला.
ती आता मगरपट्ट्यात असते म्हणे.
नाही लावला.

खाली आलो तर ती तिथेच,
बाक रिकामा असून कट्ट्याच्या कडेला,
पिशवी मांडीवर.
"त्या ॲपमध्ये तुम्हाला काय हवंय?"
"आधी काय लिहिलंय ते तर वाचा."

वाचलं.
वेळेवर येत नाही. उलट बोलते.
पोळ्या जाड.

"जाड?"
बाकीचं तिने ऐकलंच नसावं.
तळवा उघडून एकदा पाहिला, मिटला.
"कोण म्हणालं?"

"ते दिसत नाही," मी म्हणालो.
तसंच केलंय आम्ही. मुद्दाम.

"तुम्हाला पण?"

मला दिसतं.
फोन माझ्या हातात होता, नाव उघडं,
मजला, फ्लॅट नंबर, वेळ.
तिने मान वाकडी करून बघितलं नाही.
नुसती थांबली.